तीन पेट स्कॅनचे पैसे आगाऊ भरावेत का?

ताई, तुमचं पत्र मिळालं. बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या तुमच्या ७१ वर्षांच्या आईंना लिम्फोमाचं (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचं) निदान झालंय आणि पुढच्या आठवड्यात पहिली किमो आहे. दर २१ दिवसांनी एक, अशा सहा किमो ठरल्या आहेत. डॉक्टरांनी सुरुवातीला एक पेट-सीटी (शरीरात कर्करोग कुठे आहे ते दाखवणारं स्कॅन), मध्ये एक आणि शेवटी एक सांगितलंय. सेंटर एका स्कॅनचे १८,५०० रुपये घेतं. तिन्हींचे पैसे आत्ताच भरले तर ४८,००० म्हणतं, पण न वापरलेले पैसे परत मिळणार नाहीत. पुण्याचा भाऊ म्हणतो, आईच्या नावची २ लाखांची एफडी मोडून भरून टाक.

माझं मत: पॅकेज घेऊ नका, आणि एफडीही मोडू नका.

साडेसात हजार वाचवायचा विचार करायला लाज वाटते, असं तुम्ही लिहिलंय. वाटू देऊ नका. सहा किमो पार पाडायच्या आहेत आणि पैसा शेवटपर्यंत पुरायला हवा. पण हे साडेसात हजार वाचवण्याच्या नादात तुमचा विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

तुमच्या कंपनीच्या ३ लाखांच्या पॉलिसीत आई आहेत. नुसतं स्कॅन ओपीडीत केलं तर विमा सहसा पैसे देत नाही. मात्र किमो ही डे-केअर भरती (त्याच दिवशी घरी सोडतात ती) मानली जाते आणि बहुतेक पॉलिसींत भरतीच्या आधीचे ३० दिवस व नंतरचे ६० दिवस त्याच आजारासाठी झालेला तपासण्यांचा खर्च मागता येतो. तुमच्या पॉलिसीतले दिवस एचआरकडून लेखी घ्या, कारण कंपन्यांच्या पॉलिसींत फरक असतो. पहिलं स्कॅन पहिल्या किमोच्या आधीच्या ३० दिवसांत बसतं. मधलं दोन किमोंच्या मध्ये येतं, तेही बसतं. शेवटच्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. किमो संपल्यावर सूज उतरायला वेळ द्यावा लागतो, म्हणून शेवटचं पेट साधारण ६ ते ८ आठवड्यांनी करतात. म्हणजे ४२ ते ५६ दिवस. मुदत ६० दिवसांची असेल तर आठव्या आठवड्यात हाताशी चारच दिवस उरतात. एखादा सण, सेंटरचं बंद पडलेलं मशीन किंवा वाढलेली साखर, यांपैकी काहीही झालं तरी तुमचे १८,५०० गेले. डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा, की वैद्यकीयदृष्ट्या चालत असेल तर सातव्या आठवड्याची तारीख द्या.

दाव्यासाठी प्रत्येक स्कॅनच्या दिवशीचं बिल, डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिपोर्ट लागतात. पहिल्याच दिवशी फाडलेली तीन स्कॅनची एकच पावती दाखवून पाच महिन्यांनी झालेल्या तपासणीचे पैसे मागायला गेलात, तर वाद ठरलेलाच. शिवाय मधल्या रिपोर्टवर पुढचं सगळं ठरतं. औषध बदललं तर स्कॅनची संख्या आणि वेळ दोन्ही बदलतील, आणि तुमचे पैसे सेंटरकडे अडकलेले असतील.

कुणी ‘एक दिवस भरती दाखवा, विमा देईल’ असं सुचवलं तर ऐकू नका. केवळ तपासणीसाठी केलेली भरती पॉलिसीत स्पष्ट वगळलेली असते.

आता बिलातल्या औषधाबद्दल. इंजेक्शनमधलं एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी साखर, सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्राच्या मदतीने तयार होतं आणि दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. समजा ते अहमदाबादहून गाडीने निघालं. बडोद्याला पोचून इंजेक्शन देईपर्यंत बराच भाग उडून गेलेला असतो. म्हणून जास्त मात्रा भरून पाठवावी लागते आणि ती त्या दिवशीच्या रुग्णांचा हिशेब करून मागवतात. उद्यासाठी उरत नाही. सेंटरवाले वेळेबद्दल आणि आगाऊ रकमेबद्दल कडक असतात ते यामुळे, आणि ते मला रास्त वाटतं. पण तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की आयत्या वेळी स्कॅन रद्द झालं तर डोसचे पैसे कोण सोसणार हे आधी विचारायला हवं. आईंना मधुमेह आहे. साखर २०० च्या वर गेली तर बहुतेक ठिकाणी स्कॅन पुढे ढकलतात. उपाशीपोटी किती तास, इन्सुलिन कधी, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. १८,५०० मध्ये औषध धरलंय की ते वेगळं, हेही विचारा. निदानाच्या सेवेवर जीएसटी नाही. बिलात दिसला तर कारण मागा.

सेंटरला मी असं विचारेन: ‘तिन्ही स्कॅन तुमच्याकडेच करू, तेव्हा प्रत्येकी १६,००० लावा, पण पैसे आणि बिल त्या त्या दिवशी.’ एकाच मशीनवर केलेली स्कॅन्स ताडून पाहायला डॉक्टरांनाही सोपी जातात. नाही म्हणाले तर १८,५०० द्या.

पैसे कुठून? एफडीला अडीच वर्षं झाली आहेत आणि चार महिन्यांत ती पिकणार आहे. मोडली आणि बँकेने व्याजदरात १ टक्का कापला, तर २ लाखांवर सुमारे ५,००० जातील. त्याऐवजी एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढीच उचल. एफडीच्या दरापेक्षा साधारण १ ते २ टक्के जास्त व्याज लागतं, तेही वापरलेल्या रकमेवरच. १८,५०० दोन महिने वापरले आणि दर ८ टक्के असला तर व्याज अडीचशेच्या आसपास. विम्याचे पैसे आले की भरून टाका. एफडी आईंच्या नावावर आहे, म्हणून किमो सुरू होण्याआधीच बँकेत त्यांची सही करून घ्या. नंतर त्यांना रांगेत उभं करणं जिवावर येईल. क्रेडिट कार्डाच्या वाटेला जाऊ नका.

सहा किमोंत ३ लाख संपू शकतात, आणि संपले की स्कॅनचा दावाही थांबतो. आईंचं वय सत्तरीपुढे आहे, म्हणून उत्पन्न न बघता त्यांना आयुष्मान भारतचं ५ लाखांचं संरक्षण मिळतं. खाजगी विमा असला तरीही. आधारवर कार्ड याच आठवड्यात काढा आणि तुमचं रुग्णालय योजनेत आहे का ते बघा. त्या योजनेत मुदत फारच तोकडी आहे, भरतीआधी ३ दिवस आणि नंतर १५. बाहेर केलेल्या स्कॅनचे पैसे तिथून मिळतील असं धरून चालू नका. ते कार्ड किमोसाठी. शेवटच्या स्कॅनचे १८,५०० आजच वेगळ्या खात्यात टाका.

जुन्या करपद्धतीत असाल तर ज्येष्ठांच्या कर्करोगावरच्या खर्चासाठी १ लाखापर्यंत वजावट मिळते. विम्याने दिलेली रक्कम त्यातून वजा होते आणि तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ती पहिल्या भेटीतच मागून ठेवा.

भावाला हे पत्र दाखवा. त्याला मदत करायची आहे, तर बिलं स्कॅन करून विमा कंपनीकडे वेळेत पाठवण्याचं काम त्याने पुण्यातून सांभाळावं.