थॅडियस स्टीव्हन्स: मालकाचा वकील की गुलामांचा कैवारी?

थॅडियस स्टीव्हन्स हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी वकील आणि काँग्रेसमधला (तिथल्या संसदेतला) गुलामगिरीविरोधी पुढारी. १८२१ मध्ये गुलाम-मालकाचा खटला जिंकणारा माणूस गुलामगिरीविरोधी कसा, हा प्रश्न रास्त आहे. आधी तो खटला नीट पाहा. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार बाहेरच्या मालकाने आणलेला गुलाम सहा महिन्यांहून जास्त राज्यात राहिला की मोकळा. मेरीलँडच्या चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीच्या पेनसिल्व्हेनियातल्या फेऱ्यांची बेरीज सहा महिन्यांवर जात होती, पण सलग मुक्काम तेवढा नव्हता. गेटिसबर्गच्या या तरुण वकिलाने नेमकं तेवढंच धरलं: सहा महिने म्हणजे सलग. कोर्टाने मानलं. चॅरिटी आणि तिची मुलं गुलामच राहिली. याला सारवासारव नको.

पुढे मात्र दिशा स्पष्ट दिसते. १८३८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या राज्यघटनेच्या नव्या मसुद्यात मताधिकार फक्त गोऱ्यांना ठेवला, म्हणून त्याने सही नाकारली. १८५१ च्या ख्रिस्टियाना (पेनसिल्व्हेनियातलं गाव) प्रकरणात पळालेल्या गुलामांना पकडायला मदत न करणाऱ्या कॅस्टनर हॅनवेवर थेट देशद्रोहाचा खटला भरला गेला. बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होता, आणि ज्यूरीने पंधरा-वीस मिनिटांत हॅनवेला सोडलं.

शब्दात आणि नियमात फट शोधायची वकिली सवय काँग्रेसमध्ये खरी कामी आली. नवं प्रतिनिधी सभागृह भरलं की सभागृहाचा अध्यक्ष (स्पीकर) निवडेपर्यंत कामकाज चालवतो तो क्लार्क, आणि हजेरीपटही त्याच्याच हातात. ४ डिसेंबर १८६५ ला क्लार्क एडवर्ड मॅकफर्सनने (हाही गेटिसबर्गचा, स्टीव्हन्सच्याच तालमीतला) यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेतल्या राज्यांतून निवडून आलेल्यांची नावं पुकारलीच नाहीत. टेनेसीचा होरेस मेनार्ड बोलायला उठला, पण पटावर नाव नाही म्हणून त्याला बोलू दिलं नाही. त्यांना बाहेर ठेवायची घाई का, तर गुलामगिरी गेल्यावर तीन-पंचमांशाचा हिशेब (जागा ठरवताना लोकसंख्येत प्रत्येक गुलाम तीन-पंचमांश धरायचा नियम) संपला होता. कृष्णवर्णीयांना मत न देताच दक्षिणेच्या जागा वाढणार होत्या.

अमेरिकी राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचं (नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण देणारी) श्रेय सरसकट स्टीव्हन्सला देतात, ते चूक. पहिलं कलम मुख्यतः ओहायोच्या जॉन बिंगहॅमचं. स्टीव्हन्सला अंतिम मसुदा अपुरा वाटत होता, तरी १३ जून १८६६ ला त्याने तो सभागृहात १२० विरुद्ध ३२ मतांनी मंजूर करून घेतला. मोठ्या बागायतदारांच्या जमिनी जप्त करून प्रत्येक मुक्त प्रौढ पुरुषाला ४० एकर देण्याची त्याची योजना मात्र त्याच्याच रिपब्लिकन पक्षातल्या बहुतेकांना झेपली नाही. खासगी मालमत्तेला हात लावायला ते तयार नव्हते.

आणि त्याला कोणी सिनेटर समजत असेल, तर तो सिनेटर कधीच नव्हता. काँग्रेसमधली सगळी कारकीर्द प्रतिनिधी सभागृहातली: १८४९ ते १८५३, आणि १८५९ पासून ११ ऑगस्ट १८६८ ला मृत्यू होईपर्यंत.