हिवाळी वादळ, खंडित वीज आणि गावाबाहेरचे घर

प्रश्न : आमचे घर गावापासून लांब, शेतात आहे. हिमवादळ झाले की तारा तुटतात आणि दुरुस्तीचे पथक येईपर्यंत दोन-तीन दिवस सहज जातात. पाणी बोअरवेलचे आहे आणि घरात वृद्ध आईवडील आहेत. यंदा मोठा जनरेटर घेऊन सगळे घर त्यावर चालवावे, असा विचार आहे. तो योग्य ठरेल का?

उत्तर : जनरेटर जरूर घ्यावा, मात्र तो केवढा असावा हे ठरवण्यापूर्वी वीज नसताना घरात नेमके काय अडते, हे पाहावे. दिवे, फोन आणि रेडिओ यांना वीज अगदी थोडी लागते. खरी अडचण होते ती उबेची आणि पाण्याची. उबेसाठी संपूर्ण घर तापवण्याचा हट्ट सोडून एकच लहान खोली निवडावी, दाराखालची फट जुन्या कापडाने बुजवावी, रात्री खिडक्यांवर जाड पडदे किंवा घोंगड्या लावाव्यात आणि सर्वांनी तेथेच झोपावे. खोली लहान असली की माणसांच्या अंगची ऊबही बरीच कामी येते.

लाकडाची बंद चूल आणि धुराडे असल्यास उत्तमच. परंतु धुराड्यातली काजळी हिवाळ्याआधी काढून घ्यावी आणि मोठ्या हिमवर्षावानंतर त्याचे तोंड मोकळे आहे ना, हे बाहेरून पाहावे. कोळशाची उघडी शेगडी मात्र बंद खोलीत कधीही ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला गुदमरल्याची जाणीवही होत नाही. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे ही लक्षणे एकाच वेळी दोघातिघांना जाणवू लागली, तर सर्वांनी तत्काळ घराबाहेर पडावे. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारा गजर झोपण्याच्या खोलीजवळ लावावा; माझ्या मते जनरेटरच्या आधी करायची खरेदी हीच आहे.

जनरेटरच्या धुरातही हाच वायू असतो. म्हणून यंत्र पडवीत, गोठ्यात किंवा दार उघडे ठेवून गॅरेजमध्ये चालवणेदेखील धोक्याचे असते. ते दारे-खिडक्यांपासून किमान 6 मीटर दूर, वरून आडोसा असलेल्या पण चारही बाजूंनी उघड्या जागी असावे आणि धुराचे तोंड घराच्या विरुद्ध दिशेला करावे. दुसरा धोका जोडणीचा आहे. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून जनरेटर भिंतीवरच्या सॉकेटला जोडण्याची युक्ती अनेक जण सांगतात. ती कटाक्षाने टाळावी. घरातली वीज अशाने उलटी बाहेरच्या तारेत जाते, ट्रान्सफॉर्मर तिचा दाब 230 व्होल्टवरून हजारो व्होल्टवर नेतो, आणि लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जातो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा, म्हणजे घर एका वेळी लाइनला किंवा जनरेटरला, यांपैकी एकालाच जोडलेले राहील.

आता आकाराविषयी. एक अश्वशक्तीचा पंप चालताना सुमारे 750 वॅट किंवा थोडी अधिक वीज घेतो, मात्र सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट भार ओढतो. जनरेटर निवडताना हा सुरुवातीचा भार धरावा लागतो. तेवढे जमले की सगळे घर सतत चालवण्याची गरज उरत नाही. दिवसातून एकदोन तास यंत्र सुरू करून टाकी भरावी, फ्रिज थंड करून घ्यावा, फोन आणि बॅटऱ्या चार्ज कराव्यात व बंद करावे. इंधन पुरते आणि रात्रीचा आवाजही टळतो. वादळाचा इशारा मिळताच माणशी रोजचे किमान 4 लिटर पिण्याचे पाणी वेगळे भरून ठेवावेच.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते आणि नळ फुटतात ते यामुळेच. नळ बारीक सोडून ठेवण्याचा सल्ला सार्वजनिक पुरवठ्याच्या घराला लागू पडतो. आपला पंपच बंद असल्याने कडाका वाढताच मुख्य कॉक बंद करून, सर्वांत खालचा नळ उघडून पाइप रिकामे करणे अधिक सुरक्षित आहे.

आईवडिलांकडे विशेष लक्ष द्यावे. शरीराचे तापमान 35 अंश सेल्सिअसखाली गेले की बोलणे अडखळते, माणूस गोंधळतो, हातातली वस्तू सुटते; आणि हुडहुडी एकाएकी थांबली, तर बरे वाटू लागले असे न समजता वैद्यकीय मदत मागवावी.

प्रश्न : इन्व्हर्टरची बॅटरी बाहेरच्या खोपटात आहे. हिवाळ्यात ती निम्मा वेळही का टिकत नाही?

उत्तर : थंडीत लेड-अॅसिड बॅटरीची क्षमता घटते; शून्य अंशाला साधारण पंचमांश कमी होते, उणे 20 अंशांच्या आसपास निम्मीच उरते. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास देते. ती निम्म्याहून अधिक उतरू द्यायची नसल्याने हाती 900 उरतात आणि त्यातूनही थंडी व इन्व्हर्टर आपला वाटा घेतात. याहून महत्त्वाचे म्हणजे पूर्ण चार्ज बॅटरी कडक थंडीतही गोठत नाही, पण पुरती उतरलेली बॅटरी उणे 10 अंशांच्या आतबाहेरच गोठून तडकू शकते. ती घराच्या आतल्या, हवा खेळती असलेल्या जागी आणावी, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू सुटतो.

प्रश्न : वीज नसताना फ्रिजमधले पदार्थ बाहेर बर्फात ठेवले तर चालतील का?

उत्तर : नाही. उन्हात पदार्थ तापतात आणि प्राण्यांच्या तोंडी लागतात. दार न उघडल्यास फ्रिज सुमारे 4 तास थंडावा धरतो, तर गच्च भरलेला फ्रीझर 48 तासांपर्यंत आणि अर्धा भरलेला सुमारे 24 तास. त्याऐवजी बाटल्यांत थोडी जागा सोडून पाणी भरावे, त्या बाहेर गोठू द्याव्यात आणि मग फ्रिजमध्ये ठेवाव्यात.