लोणा लागलेल्या भिंतीचे पैसे विम्यातून मिळत नाहीत

'मुलुंडला रिसेलचा फ्लॅट घेतोय, बँकेने कर्जासोबत विमा लावलाय, सोसायटीचाही आहे, मग वेगळा घरविमा कशाला आणि त्यात येतं काय?' असं तुम्ही विचारलंय.

बँकेचा कागद आधी नीट वाचा. पुष्कळदा तो कर्जदाराच्या जिवावरचा विमा असतो. माणूस गेला तर कर्ज फिटतं, घर जळलं तर काही नाही. सोसायटीला उपविधींप्रमाणे, म्हणजे तिच्या नियमावलीप्रमाणे, आग आणि भूकंपाचा विमा काढावाच लागतो, पण तो इमारतीचा. तुमचा फ्रिज आणि कपाट त्यात नाही.

आता आमचं सांगते. 2022 च्या गणपतीत आम्ही देवरुखला होतो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन, 'तुमच्या दाराखालून पाणी येतंय.' वरच्या घरात गिझरला जोडलेला पाइप फुटला होता, तेही गावाला गेलेले, रात्रभर पाणी चालू. आम्ही पोचलो तेव्हा बेडरूमचं पीओपी खाली आलेलं, बेडचं प्लायवूड फुगून त्याचे पदर सुटलेले, कपाटाच्या खालच्या खणातल्या सासूबाईंच्या पैठणीचा रंग बाजूच्या पांढऱ्या साड्यांना लागलेला.

आमची 'भारत गृह रक्षा' होती. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या कंपन्यांना द्यावी लागणारी ही ठरावीक पॉलिसी. पाइप फुटणं त्यात येतं, म्हणून मी निर्धास्त होते. नुकसान तपासणारे सर्व्हेअर आले, फोटो काढले, आणि पश्चिमेच्या भिंतीपाशी थांबले. खिशातून किल्ली काढून त्यांनी रंगाचा पोपडा उचलला. खाली पांढरी भुकटी. बोटावर घेऊन मला दाखवली आणि म्हणाले, "ताई, हा लोणा आहे, ओलीने भिंतीतून बाहेर आलेले क्षार. एका रात्रीच्या पाण्याने लोणा धरत नाही."

दाव्याच्या 1,84,000 पैकी भिंतीचे 38,000 कापले, 1,46,000 मिळाले.

आमचे मोठे भाऊजी तेव्हापासून प्रत्येक लग्नाकार्यात सांगतात, 'विमावाल्यांनी फसवलं.' विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्याकडे, जा म्हणून मागेही लागले होते. तो मार्ग चांगला आहे, फी नाही, आधी कंपनीकडे तक्रार करून महिनाभर वाट पाहायची आणि मग जायचं. पण मी गेले नाही, कारण सर्व्हेअर खरं बोलत होते. त्या भिंतीला आधीचे दोन पावसाळे ओल येत होती आणि आम्ही दर दिवाळीला तिच्यावर रंग फासत होतो. विमा अचानक घडलेल्या नुकसानीचा असतो, हळूहळू झिरपणाऱ्या पाण्याचा नाही. भाऊजींना हे कितीदा सांगितलं, पटत नाही.

आणि ती ओल बाहेरून येत होती. पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणं उपविधींप्रमाणे सोसायटीचं काम. आमचे सेक्रेटरी दोन वर्षं 'पुढच्या मीटिंगला बघू' म्हणत राहिले आणि आम्ही तोंडी सांगत राहिलो. 38,000 तिथे गेले.

तुमच्या प्रश्नाचं बाकी उत्तर थोडक्यात. आग, वीज, भूकंप, पूर, वादळ, दरड, दंगल, टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं येतं. रक्कम बाजारभावावर नाही, घर पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरते. 500 चौरस फुटांना बांधकामाचा फुटाला 4,000 चा दर धरला तर 20 लाख, फ्लॅट दीड कोटीचा असला तरी, कारण जमीन जळत नाही. घरातल्या सामानाला त्याच्या 20 टक्के आपोआप, जास्तीत जास्त 10 लाख. म्हणजे इथे 4 लाख. सामान जास्त असेल तर यादी देऊन रक्कम वाढवून घ्या.

चोरीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. या पॉलिसीत चोरी येते ती फक्त आग किंवा पुरासारख्या घटनेनंतर 7 दिवसांत झालेली. एरवीच्या घरफोडीला वेगळं कव्हर लागतं, आणि दागिन्यांनाही. कंपनीनुसार ही जादाची जोडकव्हरं बदलतात, तेव्हा पॉलिसीचं शेड्यूल, म्हणजे काय आणि किती रकमेचं येतं ते लिहिलेलं पान, हातात घेऊनच सही करा.

रिसेलचा फ्लॅट आहे म्हणता, तर ताबा घ्यायच्या आधी पश्चिमेच्या भिंतीचा पोपडा किल्लीने उचलून बघा. खाली पांढरं दिसलं तर सोसायटीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. आमच्याकडे पोच नव्हती.