अक्रम खानला नर्तक म्हणायचं की नट?

अक्रम खानच्या 'देश' या एकट्याने केलेल्या नृत्यप्रयोगाची छोटी क्लिप पाहून तुम्ही विचारलंय, यात नाच थोडा आणि नाटक, ॲनिमेशनच जास्त. मग हा माणूस नर्तक कसा? मी काही वर्षं कथक शिकले (विशारदच्या आधीच सोडलं), तेव्हा माझं उत्तर त्या बाजूला झुकणारच.

आधी कीर्तन आठवा. बुवा आख्यान लावतात, क्षणात द्रौपदी होतात, क्षणात दुःशासन, मध्येच अभंगाचा चरण उचलतात. तुम्ही गायक की नट, असं त्यांना कोणी विचारत नाही. कथकचं मूळही कथा सांगणाऱ्यांतच आहे. नर्तक तोंडाने बोल (तालाची अक्षरं) पढतो आणि मग तेच पायांनी वाजवतो. गतभावात, म्हणजे अभिनयाने कथा सांगताना, एक पलटा (गिरकी) घेतला की कृष्णाची राधा होते. अक्रम लंडनचा, जन्म 1974चा, आईवडील बांगलादेशातले. कथक शिकला तो बिरजू महाराजांचे शिष्य प्रताप पवार यांच्याकडे. कोवळ्या वयातच नाट्यदिग्दर्शक पीटर ब्रूकच्या 'महाभारता'तून त्याने जगभर दौरे केले. समकालीन नृत्याचं रीतसर शिक्षण त्यानंतरचं. म्हणजे नाटक त्याच्या नाचात मागाहून शिरलेलं नाही.

चित्र-शिल्पाचं मात्र वेगळं आहे, ते दुसऱ्या कलाकारांकडून आलं. 2002च्या 'काश'मध्ये मागचा भलामोठा काळा आयत शिल्पकार अनिश कपूरचा (हा जन्माने मुंबईकर) आणि संगीत नितिन सोहनीचं. पण मला विचाराल तर खरी गंमत 2005च्या 'झीरो डिग्रीज'मध्ये आहे. सोबत बेल्जियमचा नर्तक सिदी लार्बी शेरकावी. दोघे शेजारी शेजारी मांडी घालून बसतात आणि भारत-बांगलादेश सरहद्दीवर पासपोर्ट दुसऱ्याच्या हातात गेल्यावर कशी तंतरली, ते सांगतात. सांगतात दोघे एकदम! शब्द तेच, अडखळणं तेच, नाक खाजवावं तसे बारीकसारीक हातवारेही तेच. साध्या गप्पांची त्यांनी बंदिश करून टाकली आहे. त्यात कुठे तत्कार (पायांनी वाजवलेला ताल) नाही, चक्कर नाही, तरी लय इतकी घट्ट की तो नाचच आहे. रंगमंचावर शिल्पकार अँटनी गॉर्मलीने त्या दोघांच्याच देहांवरून साचे घेऊन केलेले पांढरे पुतळे असतात. पुढे आगगाडीत मेलेल्या माणसाची गोष्ट येते, तेव्हा त्या पुतळ्यांकडे बघवत नाही.

तर, नेपथ्य सुंदर आहे का, हे बघू नका. देह त्याचं काय करतो ते बघा. 'देश'मध्ये (2011) तो तुळतुळीत डोक्यावर डोळे-तोंड रंगवतो आणि मान खाली घालतो. झाला म्हातारा बाप, पेशाने स्वयंपाकी! आमच्या भाषेत हा पलटाच. गिरकी न घेता नुसती मान झुकवून घेतलेला. टिम यिपचं दृश्य-संकल्पन देखणं आहेच, पण माझ्या लक्षात राहिलं ते टक्कल. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायांवरच्या 'झेनोस'मध्ये (2018) सुरुवातीला गाण्या-नाचाची छान बैठक रंगलेली असते. मग तेच घुंगरू पायांतून सुटतात आणि बेड्या होऊन अंगाभोवती आवळतात. ज्याने कधी शंभर-दीडशे घुंगरू बांधून रियाज केलाय, त्याला ते वजन वेगळं सांगावं लागत नाही.

सगळंच जमलंय असंही नाही. अभिनेत्री ज्युलिएट बिनोशबरोबरच्या 'इन-आय'मध्ये (2008) नेपथ्य पुन्हा कपूरचंच होतं, पण दोन मोठी नावं एकमेकांना सांभाळून घेताहेत असंच मला वाटत राहिलं.

क्लिपा नकोत. 'झीरो डिग्रीज'चं पूर्ण चित्रीकरण मिळवा आणि ती बसून गप्पा मारण्याची जागा पुढे ढकलू नका.