नाशिककडे मरळ धरायला आवाज करणारे ल्यूर घ्यावेत का?

तुम्ही विचारलंय की खुळखुळ्याच्या ल्यूरला (ल्यूर म्हणजे गळाला लावायचं नकली आमिष) मासा खरंच येतो, की दुकानदार उगाच गळ्यात मारतात? येतो. पण पाणी कसलं आणि मासा कुठला, यावर सगळं आहे.

पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1480 मीटर जातो, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने. पावसाळ्यात गोदावरीला लाल पाणी आलं की माशाला वीतभर पुढचंही दिसत नाही, तेव्हा भक्ष्याची पहिली खबर त्याला आवाजानेच लागते. जवळ आल्यावर मात्र अंगावरची पार्श्वरेषा कामाला येते. पाण्यातली बारीक हालचालसुद्धा ती टिपते. म्हणून नुसता खुळखुळाट पुरत नाही, ल्यूर हललंही पाहिजे.

ऐकण्यात मासा-माशांत फरक आहे. शिवड्यासारख्या मिशीवाल्या माशांत पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना काही हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. (रोहू-कटल्यालाही ही सोय आहे, पण त्यांना ल्यूरशी काय घेणं!) डॅन्यूब नदीवर तर तिथला मोठा मिशीवाला मासा वर काढायला होडीतून एक खास लाकूड पाण्यावर डुबुक डुबुक मारतात. पापुआ न्यू गिनीत करवंट्यांचा खुळखुळा पाण्यात हलवून शार्क बोलावतात. आणि आपल्याकडे जाळं लावून काठीने पाणी बडवतात, ते मासा पळवून जाळ्यात घालायला! तेव्हा आवाज मोठा असून उपयोग नाही, तो माशाला खाण्याचा वाटला पाहिजे.

आता मरळ. ती बसते जलपर्णीच्या कडेला, गवतात. तिथे पोटात छर्रे असलेलं, तीन काट्यांच्या गळाचं क्रँकबेट (माशाच्या आकाराचं कडक ल्यूर) टाकलंत तर मासा राहिला बाजूला, पर्णीच ओढत बसाल. रबरी बेडूक घ्या, ज्याचे दोन्ही काटे अंगाला चिकटून असतात. त्यातही तोंड खोलगट असलेला. दोरीला हलका झटका दिला की तो 'भुळुक' करतो आणि मरळीला तोच आवाज ओळखीचा. दोन झटके, मग थांबा. बऱ्याचदा झडप त्या थांबण्यातच पडते. पडली की लगेच ओढू नका, तोंडात नीट जाऊ द्या.

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला हिवाळ्यात पाणी निवळतं, वाराही नसतो. तेव्हा मी छर्रेवाली ल्यूर पेटीतच ठेवतो आणि मुकाट मऊ रबराचं ल्यूर वापरतो. गढूळ पाण्यात मात्र एकच मोठी गोळी असलेलं मला जास्त आवडतं. त्याचा ठोका जाड पडतो, आणि बहुतेक माशांना खालच्या पट्टीतलेच आवाज चांगले ऐकू येतात. बॅटरीवर गुणगुणणारी महागडी ल्यूर मात्र घेऊ नका. तेवढ्या पैशांत चार चांगले बेडूक येतात.

नांदूरमध्यमेश्वरला गळ नेऊ नका, ते अभयारण्य आहे. धरणावर मासेमारीचा ठेका कोणाकडे आहे ते विचारून घ्या. आणि पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर तिथे ल्यूर टाकू नका. खाली मरळ राखणीला असते, ती भुकेने नाही, रागाने कशावरही तुटून पडते. ती काढली की मागची पिल्लं बाकीचे मासे फस्त करतात.