खुब्याच्या ऑपरेशननंतर बाबा बरळतायत, पेनकिलर बंद करू का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा ७६ वर्षांचे, घोडबंदर रोडच्या घरी बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण दुसऱ्या रात्रीपासून बरळतायत, तुम्हालाही ओळखत नाहीत. नातेवाईक म्हणतात, भूल डोक्यात गेली, पाठीतलं इंजेक्शन घ्यायला हवं होतं, आता निदान पेनकिलर तरी बंद करा.

मी २६ वर्षं रिकव्हरी रूममध्ये सिस्टर होते, आता ऐरोलीत असते. या शेवटच्या सल्ल्याबद्दल आधी बोलते, कारण खरं नुकसान त्यानंच होतं. बाबांना दुखणं अंगावर काढायला लावू नका.

जुनी माणसं याला वात झाला म्हणायची, डॉक्टर डिलिरियम, म्हणजे भ्रम, म्हणतात. हे वेड नव्हे. सकाळी बरे आणि दिवेलागणीला पुन्हा भरकटलेले, ही त्याची ओळख. बहुतेकांचं काही दिवसांत ओसरतं, काहींना आठवडे लागतात. ताप, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, मोडलेली झोप, रक्तातलं सोडियम उतरणं, यातलं काहीही त्याला कारण होऊ शकतं. आणि दुखणंसुद्धा.

न्यूयॉर्कच्या ४ इस्पितळांत खुबा मोडलेल्या ५४१ जणांवर एक अभ्यास झाला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. आधी डोकं शाबूत असलेल्यांपैकी ज्यांना तीव्र वेदना होत होत्या, त्यांना भ्रमाचा धोका ९ पट निघाला. ज्यांना मॉर्फिनच्या जातीचं कडक पेनकिलर अगदीच कमी मिळालं, त्यांच्यात भ्रम जास्त होता. त्याच जातीचं पेथिडीन हे औषध मात्र भ्रमासाठी वाईट ठरलं. म्हणजे औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टरांना जरूर विचारा. नेमून दिलेलं पॅरासिटामॉल वेळच्या वेळी, मांडीच्या वरच्या भागात नस बधिर करणारा ब्लॉक आणि गरजेपुरतंच कडक औषध, अशी सांगड घातली की कडक औषध कमी लागतं. झोपेची गोळी आग्रह करून मागू नका, तिनं भ्रम वाढू शकतो.

माझ्या आईचं हेच ऑपरेशन झालं, तेव्हा ती रात्रभर चादरीचे धागे खुडत होती, मेथी निवडावी तशी. दुखतंय का विचारलं की "नाही" म्हणायची. तिथल्या कागदावरही तेच लिहिलं गेलं. सकाळी मी तिला कुशीवर वळवायला गेले, तर तिनं पलंगाचा कठडा असा आवळला की बोटं पांढरी पडली. निपचित पडलेल्या माणसाला दुखत नाही म्हणून कसं चालेल? पाय हलवताना, खोकताना विचारायचं, आणि उत्तर न देता चेहरा आक्रसला तर तेच उत्तर समजायचं. तिचं कानाचं यंत्र रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलेलं होतं. ते कानात घातल्यावर तिनं पहिल्यांदा माझं नाव घेतलं. मी स्वतः सिस्टर असून मला ते आदल्या रात्री सुचलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

पाठीतल्या इंजेक्शनची खंत मनातून काढून टाका. अमेरिका-कॅनडात १६०० रुग्णांवर झालेल्या तुलनेत, २०२१ साली, पूर्ण भूल आणि स्पायनल दोन्हींत भ्रम जवळजवळ सारखाच, पाचातल्या एकाला. निर्णय तुमचा चुकलेला नाही.

साध्या गोष्टींचं वजन मोठं आहे. १९९९ मध्ये ८५२ वृद्ध रुग्णांवर (ऑपरेशनचे नव्हेत, मेडिसिन वॉर्डातले) चष्मा, श्रवणयंत्र, पाणी, झोप, चालवणं, तारीख-वेळ सांगत राहणं एवढ्यावर भर दिला, तेव्हा भ्रम १५ वरून ९.९ टक्क्यांवर आला. बाबांना दिवसा खिडकीजवळ बसवा. रात्री दिवे आणि मोबाइल बंद. ओळखीचा एकच माणूस थांबू दे, सगळी भावकी नको. चुकीचं बोलले तर वाद घालू नका, "मी तुमची मुलगी, आपण दवाखान्यात आहोत" एवढं शांतपणे सांगा. लघवीची नळी कधी काढणार, तेही रोज विचारा.

बडबड थांबून ते एकदम गप्प, सुस्त झाले तर बरं वाटतंय असं समजू नका. हाही भ्रमच असू शकतो आणि तो नजरेतून निसटतो. श्वास मंद होणं, उठवूनही न उठणं, तोंड वाकडं होणं, एक हात ढिला पडणं, ताप, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता ड्युटी डॉक्टरांना बोलवा.

चष्मा घरी राहिला असेल तर आज संध्याकाळच्या भेटीलाच घेऊन जा. जाण्याआधी काचा पुसा.