कोंडवाडा, गोठा, छावणी: पशुपालकांचे प्रश्न

कोंडवाडा म्हणजे दुसऱ्याच्या पिकात शिरलेली, मोकाट जनावरं कोंडायची जागा. पण जनावरं ठेवायच्या कुठल्याही जागेला लोक हल्ली सरसकट कोंडवाडा म्हणतात आणि गडबड तिथूनच होते, म्हणून परत एकदा सांगतोय.

प्रश्न : आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) तारेचं कंपाउंड करून गायी मोकळ्या सोडल्यात. हा कोंडवाडा झाला का? (औसा)

नाही, हा मुक्त संचार गोठा. एका गाईला छताखाली साधारण ४० चौरस फूट आणि उघड्यावर ८० चौरस फूट जागा ठेवा.

प्रश्न : म्हैस शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरली. त्यानं ती स्वतःच्या आखाड्यावर बांधलीय अन् पैसे मागतोय. (गंगाखेड)

असं बांधून ठेवता येत नाही. कोंडवाडा ग्रामपंचायतीचा नाहीतर नगरपालिकेचा असतो, दंड आणि चारापाण्याचा खर्च तिथंच भरून पावती घ्यायची. आजच ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) भेटा, तरी ऐकत नसेल तर पोलीस स्टेशन. अन् म्हैस खरंच कोंडवाड्यात गेली तर मुदतीत सोडवा, नाहीतर लिलाव होतो.

प्रश्न : हाळीच्या बाजारातून गाय आणली. व्यापारी म्हणतो सगळ्या लशी झाल्यात, थेट दावणीला बांधा. (उदगीर)

बांधू नका! कितीदा सांगायचं, बाजारातनं आलेलं जनावर किमान तीन आठवडे, जमलं तर चार आठवडे, घरच्या जनावरांपासून लांब ठेवा. लाळ्या-खुरकुताचा विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला दोन ते चौदा दिवस जातात, लम्पी त्वचारोगाला तर चार आठवडेही लागू शकतात, म्हणजे बाजारात ठणठणीत दिसलेली गाय तुमच्या गोठ्यात येऊन आजारी पडते अन् तोवर सगळी दावण एकाच हौदावर पाणी पिऊन बसलेली असते. २०२२ ला लम्पीत बाजार बंद करावे लागले ते उगाच नाही.

लस काल टोचली असेल तर आज तिचा काही उपयोग नाही, प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. व्यापाऱ्याच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका, कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर जनावरांच्या दवाखान्यात दाखवून नोंद बघा. घेतानाच तोंड उघडून जीभ, हिरड्या बघा, खुराच्या बेचक्यात फोड आहे का बघा, लाळेची तार लोंबते का तेही बघा. कास टम्म दिसली म्हणून भुलू नका, दोन वेळा धार न काढता सड तुंबवून आणतात. गव्हाण, बादली वेगळी ठेवा, आधी घरच्यांचं चारापाणी उरका अन् मग नवीनकडे जा, उलटं नको. तुमची गाय आधीच दावणीला लागली असेल तर आजच डॉक्टरला बोलवा.

प्रश्न : खुरकूत झालेला बैल चिखलात उभा करावा म्हणतात? (लोहा)

अजिबात नाही. जखमेत घाण जाऊन आळ्या पडतात. पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं खुरं धुवा, बैल कोरड्यात बांधा अन् १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला फोन लावा.

प्रश्न : दुष्काळातली चारा छावणी कधी उघडणार? (आष्टी)

शासन मंजुरी देतं तेव्हा, तहसीलला विचारा. पण छावणीत शेकडो जनावरं एकत्र येतात, म्हणून नेण्याआधी दोन-तीन आठवडे लाळ्या-खुरकुताची लस टोचून घ्या, तिथं गेल्यावर नव्हे. गाभण गाय असेल तर आधी डॉक्टरला दाखवा.